द्राक्षाचे डोळे फोडणारी रसायने: काय कळले आहे, काय कळायचे आहे

नाशिक, सांगली, सोलापूर आणि पुणे जिल्ह्यांच्या द्राक्षपट्ट्यात गोडी छाटणी झाली की एक-दोन दिवसांत पेस्टिंग उरकावे लागते. छाटलेल्या काडीच्या शेंड्याकडच्या डोळ्यांवर हायड्रोजन सायनामाइडचे द्रावण कापडाच्या बोळ्याने, स्पंजाने किंवा ब्रशने लावतात. अनेक ठिकाणी त्यात रंग मिसळलेला असतो, म्हणजे कोणता डोळा राहून गेला ते लगेच दिसते. पुढे डोळे फुगतात, कापसतात, पोंगा दिसू लागतो आणि बाग एकसारखी फुटते. द्राक्षाची पुढची सगळी शेती या एकसारख्या फुटीवर उभी असते. जिब्रेलिक आम्लाचे डिपिंग, विरळणी, केवडा-भुरीच्या फवारण्या, तोडणी हे सारे छाटणीपासूनचे दिवस मोजून ठरते. फूट मागेपुढे झाली तर एकाच वेलीवर एक घड फुलोऱ्यात आणि दुसरा मणी धरलेला, अशी स्थिती येते आणि कोणतीच फवारणी सगळ्या घडांना वेळेवर मिळत नाही.

याच रसायनाला युरोपीय संघाने 2008 मध्ये मान्यता नाकारली. न्यूझीलंडमध्ये त्यावर बंदी घालावी की नाही यावर काही वर्षे चर्चा चालली. प्रयोगशाळांत ते नेमके कसे काम करते यावर चाळीस वर्षे संशोधन होत आहे आणि एकमताचे उत्तर अजून मिळालेले नाही. ज्याच्यावर आपली बागायती इतकी अवलंबून आहे, त्या रसायनाविषयी आजवर काय हाती लागले आणि काय बाकी आहे, हे एकदा सलग मांडून पाहायला हवे.

डोळा का थांबतो

थंड प्रदेशातली द्राक्षवेल शरद ऋतूत पाने गाळते आणि तिचे डोळे वाढ थांबवतात. ही थांबलेली अवस्था एकाच प्रकारची नसते. अमेरिकी फळशास्त्रज्ञ ग्रेगरी लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये तिचे तीन प्रकार सुचवले आणि आज सर्वत्र तेच वापरले जातात. पहिल्या प्रकारात डोळ्याला रोखणारे कारण वेलीच्या दुसऱ्या भागात असते. शेंडा वाढत असेल तर खालचे डोळे गप्प राहतात, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. दुसऱ्या प्रकारात कारण डोळ्याच्या आतच असते. असा डोळा कापून उबदार जागी पाण्यात ठेवला तरी फुटत नाही. तिसऱ्या प्रकारात डोळा आतून तयार असतो, फक्त बाहेरची थंडी किंवा पाण्याचा ताण त्याला अडवतो आणि ऊब मिळताच तो फुटतो.

खरी हिवाळी सुप्तावस्था म्हणजे यांपैकी दुसरी. ती संपायला डोळ्याला ठरावीक काळ थंडी मिळावी लागते. हा हिशेब करण्याची जुनी पद्धत म्हणजे तापमान 7.2 अंश सेल्सियसच्या खाली राहिलेले तास मोजणे. सफरचंद किंवा चेरीच्या तुलनेत द्राक्षाची ही गरज कमी असते, शिवाय वाणागणिक ती बरीच बदलते. पण हिवाळा सौम्य असलेल्या मुलखात ही कमी गरजही भागत नाही. मग वेल उशिरा फुटते, अर्धवट फुटते, काडीच्या टोकाचे एक-दोन डोळे पुढे निघतात आणि बाकीचे तसेच राहतात. रसायनांची गरज तिथे सुरू झाली.

ईथरपासून सायनामाइडपर्यंत

रसायनाने डोळा जागा करण्याची कल्पना द्राक्षबागेत जन्मली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म योहानसेन यांनी लायलॅकची झुडपे ईथरच्या वाफेत ठेवून ती हिवाळ्यातच फुलवून दाखवली. ऐन थंडीत फुले विकणाऱ्या युरोपातल्या माळ्यांनी ही युक्ती उचलली. आनुवंशिकतेच्या एककाला ‘जीन’ हे नाव 1909 मध्ये देणारे योहानसेन ते हेच. त्याच सुमारास हान्स मोलिश यांनी फांद्या कोमट पाण्यात बुडवून तोच परिणाम मिळवला. एक भूल देणारे द्रव्य, दुसरे नुसते गरम पाणी. दोघांत समान गोष्ट एकच होती, ती म्हणजे दोन्हींनी पेशींना धक्का बसतो. पुढच्या शंभर वर्षांच्या संशोधनाचे मूळ इथे आहे, असे माझे मत आहे.

1920 मध्ये अमेरिकी कृषी खात्याच्या फ्रेडरिक कोव्हिल यांनी वाढ पुन्हा सुरू होण्यासाठी थंडीचीच गरज असते हे प्रयोगांनी दाखवले. त्याच दशकात बॉइस थॉम्प्सन संस्थेत एफ. ई. डेनी यांनी बटाट्याच्या डोळ्यांवर इथिलीन क्लोरोहायड्रिन आणि थायोयुरिया वापरून पाहिले. फळबागांत पुढे खनिज तेल आणि डायनायट्रो-ऑर्थो-क्रेसॉल यांचे मिश्रण आले. इस्रायल आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सफरचंदाच्या बागा बराच काळ त्यावर चालल्या. हे दुसरे द्रव्य माणसाला फार विषारी असल्याने मागे पडले.

द्राक्षाचे खरे वळण खताच्या गोणीतून आले. हवेतला नत्र बांधून कॅल्शियम सायनामाइड हे खत बनवण्याची रीत जर्मनीत अडॉल्फ फ्रँक आणि निकोडेम कारो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोधली होती. जपानमध्ये काचगृहात द्राक्ष लवकर आणण्यासाठी या खताचे पाण्यातले द्रावण 1960 च्या दशकात डोळ्यांना लावले जाऊ लागले. 1977 मध्ये इवासाकी आणि कॅलिफोर्नियाचे रॉबर्ट वीव्हर यांनी झिनफँडेल वाणावर त्याचा परिणाम तपासला. 1983 मध्ये इस्रायलच्या शुलमन, नीर, फानबरस्टाइन आणि लावी यांनी द्राक्षाच्या डोळ्यांवर सायनामाइडचा परिणाम नोंदवणारा निबंध प्रसिद्ध केला आणि हायड्रोजन सायनामाइड या थेट द्रवरूपाची वाट मोकळी झाली. बव्हेरियातल्या ट्रोस्टबर्गच्या कारखान्यातून ते डॉर्मेक्स या नावाने बाजारात आले. खत विरघळवून, निवळी काढून वापरण्याची कटकट गेली आणि परिणामही अधिक खात्रीचा मिळू लागला.

पुढच्या काही वर्षांत जॉर्डन नदीचे खोरे, कॅलिफोर्नियातले कोचेला, मेक्सिकोतले सोनोरा, चिलीचा उत्तर भाग, पेरूचा किनारा, इजिप्त, दक्षिण आफ्रिकेचा ऑरेंज नदीकाठ आणि ब्राझीलमधले पेट्रोलिना अशा सगळ्या उष्ण द्राक्षमुलखांत ते पसरले. हंगाम दोन-तीन आठवडे अलीकडे ओढता आला तर बाजारात मिळणारा दर पार बदलतो, हे त्यामागचे साधे कारण. उष्ण प्रदेशातला आजचा निर्यातक्षम द्राक्षउद्योग या एका रसायनाशिवाय या आकाराचा झाला नसता.

डोळ्याच्या आत काय घडते

संशोधन सर्वांत समृद्ध आहे ते इथे, आणि वादही इथेच आहे.

सुरुवातीचा ठोस धागा 1986 मध्ये इस्रायली गटाला मिळाला. पेशीत तयार होणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडची विल्हेवाट लावणाऱ्या कॅटलेज या विकराची क्रिया हिवाळा सरकतो तशी डोळ्यांत मंदावते, आणि सायनामाइड लावले की ती झपाट्याने खाली येते. यातून एक आकर्षक मांडणी उभी राहिली. थंडी जे काम हळूहळू करते तेच सायनामाइड घाईने करते. कॅटलेज अडते, पेरॉक्साइड साठते, पेशीवर सौम्य ऑक्सिडीकरणाचा ताण येतो आणि तो ताणच जागे होण्याचा निरोप ठरतो. चिलीतल्या फ्रान्सिस्को पेरेझ यांच्या गटाने ही दिशा बरीच पुढे नेली.

या मांडणीवर आक्षेपही आहेत. नुसते हायड्रोजन पेरॉक्साइड फवारले तर डोळे फुटतात, पण सायनामाइडइतके जोरात आणि एकसारखे नाहीत. कॅटलेज उतरणे हे कारण आहे की दुसऱ्याच एखाद्या घटनेची खूण, हे केवळ सोबत घडण्यावरून ठरत नाही.

दुसरी मांडणी श्वसनाची आहे. इस्रायलच्या वोल्कानी केंद्रात एट्टी ओर यांच्या गटाने सायनामाइड लावलेल्या डोळ्यांत कोणती जनुके जागी होतात हे पाहिले. 2000 मध्ये त्यांनी ऊर्जेची टंचाई ओळखणाऱ्या प्रथिनांच्या कुळातल्या एका विकराचे जनुक उपचारानंतर वाढते असे नोंदवले. पुढच्या कामात पेशीला प्राणवायू कमी पडल्यावर जी जनुके कामाला लागतात, तीच इथेही सक्रिय झालेली दिसली. म्हणजे सायनामाइडने मायटोकाँड्रियाचे काम तात्पुरते बिघडते, पेशीला आपली ऊर्जा संपत चालल्याचे भासते आणि ती साठा वापरायला काढते. 2008 मध्ये याच गटाने उष्णतेचा धक्का दिलेल्या डोळ्यांशी तुलना केली आणि दोन्ही उपचारांचा मार्ग बराच सारखा असल्याचे मांडले. मोलिश यांच्या कोमट पाण्याचा अर्थ असा एका शतकानंतर लागू लागला. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मायकेल कॉन्सिडाइन यांच्या सहकाऱ्यांनी डोळ्याच्या आतला प्राणवायू सूक्ष्म पद्धतीने मोजला. डोळ्याचा गाभा मुळातच प्राणवायूला मोताद असतो आणि फुटण्याच्या वाटेवर ही स्थिती बदलते, असे त्यांना आढळले.

तिसरी मांडणी संजीवकांची. ॲबसिसिक आम्ल डोळ्याला झोपवून ठेवते, हे आता बऱ्यापैकी प्रस्थापित आहे. सायनामाइडनंतर हे आम्ल मोडणाऱ्या विकराचे जनुक वाढते आणि आम्लाची पातळी घसरते. इथिलीन तयार करणारी काही जनुकेही थोडा वेळ उसळतात, आणि इथिलीनची ती लाटच ॲबसिसिक आम्ल मोडायला लावते असा एक क्रम सुचवला गेला आहे. जिब्रेलिनचे वागणे विचित्र आहे. सुप्तावस्था सुटण्याच्या ऐन वेळी ते बाहेरून दिले तर फूट अडते, आणि फूट सुरू झाल्यावर वाढीसाठी तेच लागते. बर्च, पॉप्लरसारख्या झाडांत पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म वाटा कॅलोजने बुजलेल्या असतात आणि थंडीने त्या मोकळ्या होतात, असे दिसले आहे. द्राक्षातही हे लागू असावे असा कयास आहे, पण पुरावा तितका भक्कम नाही.

या तीन मांडण्या एकमेकींना खोडतात असे मला वाटत नाही. पेरॉक्साइड साठणे, श्वसन अडणे, इथिलीन उसळणे आणि ॲबसिसिक आम्ल मोडणे या एकाच साखळीच्या कड्या असू शकतात. साखळीची पहिली कडी कोणती, हे मात्र ठरलेले नाही. सर्वांचे एकमत एका गोष्टीवर आहे: सायनामाइड डोळ्याला काही पोसत नाही, ते त्याला मोजकी इजा करते. म्हणून निरोप आणि नुकसान यांच्यातले अंतर फार कमी असते. ज्या मात्रेने डोळा फुटतो, तिच्या थोडे पुढे गेले की तोच डोळा जळतो. बागेतल्या बऱ्याच अनुभवांचा उलगडा या एका गोष्टीतून होतो.

या सगळ्या संशोधनाला एक मर्यादा आहे. बहुतेक प्रयोग एका डोळ्याच्या तुकड्यांवर झालेले आहेत. काडीचे तुकडे करून प्रत्येकात एकच डोळा ठेवायचा, उबदार खोलीत पाण्यात उभे करायचे आणि किती दिवसांत किती फुटले ते मोजायचे. डोळ्याच्या आतली सुप्तावस्था पाहायला ही पद्धत उत्तम. पण वेलीवर शेंड्याचा डोळा खालच्यांना दाबत असतो, मुळे पाणी ढकलत असतात, ओलांड्यात साठा असतो. तुकड्यात यातले काहीच नसते.

आपल्याकडचा प्रश्न वेगळा आहे

महाराष्ट्रातली द्राक्षवेल वर्षातून दोनदा छाटली जाते. एप्रिलच्या आसपासच्या खरड छाटणीनंतर नव्या काड्या येतात, त्या पिकतात आणि त्यांच्या डोळ्यांत सूक्ष्मघड तयार होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गोडी छाटणीने ते घड बाहेर काढले जातात. गोडी छाटणीच्या वेळी नाशिक-सांगलीत रात्रीचे तापमान 7.2 अंशांच्या जवळपासही नसते. म्हणजे जॉर्डनच्या खोऱ्यातला थंडी अपुरी पडलेला डोळा आणि आपल्याकडचा थंडी पाहिलेलीच नसलेला डोळा हे एक नव्हेत.

मग आपल्याकडे सायनामाइड कोणती सुप्तावस्था मोडते? एक मत असे की उष्ण कटिबंधातल्या काडीवर मुख्य अडसर शेंड्याच्या वर्चस्वाचा असतो. छाटणीने शेंडा जातो, पण त्याची जागा टोकाचा डोळा घेतो आणि खालच्यांना दाबतो. रसायन हे वर्चस्व मोडून दोन-तीन डोळे एकदम पुढे आणते. दुसरे मत असे की काडी पिकताना डोळ्याच्या आतही सुप्तावस्था तयार होते, ती उथळ असते, पण असते. पिकलेल्या काडीचे डोळे कोवळ्या काडीच्या डोळ्यांपेक्षा वेगळे वागतात हा त्याचा आधार. मला दोन्हींत तथ्य वाटते, आणि त्यांचे प्रमाण वाणागणिक, छाटणीच्या तारखेगणिक बदलत असावे. आपल्या हवामानात, आपल्या वाणांवर याची नेटकी उकल करणारे काम जॉर्डन खोऱ्यातल्या किंवा चिलीतल्या कामाच्या तुलनेत फार थोडे आहे.

तरी व्यवहारातले बरेच ज्ञान बागायतदार, महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ आणि मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांनी मिळून जमवले आहे. सायनामाइडच्या आधी आपल्याकडे थायोयुरिया वापरात होता. आता सुमारे 50 टक्के तीव्रतेचे सायनामाइड लिटरला साधारण 30 ते 40 मिली या प्रमाणात घेतात. काडी जाड असेल आणि हवा थंड असेल तर प्रमाण वरच्या टोकाला, काडी बारीक किंवा ऊन कडक असेल तर खालच्या टोकाला. छाटणीच्या दहा-पंधरा दिवस आधी इथेफॉनने पानगळ करून घेतली तर डोळे फुगायला मदत होते आणि पेस्टिंगचा परिणामही सुधारतो. काडी तपासणी करून, सूक्ष्मघड कोणत्या डोळ्यात आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच कितव्या डोळ्यावर छाटायचे ते ठरवायचे, ही शिस्त आता बहुतेक जाणत्या बागांत रुळली आहे.

एक गैरसमज अजून टिकून आहे, म्हणून त्याचा उल्लेख करतो. घड कमी निघाले किंवा जिरले की दोष पेस्टिंगवर टाकला जातो, आणि घड चांगले निघाले की श्रेयही त्यालाच दिले जाते. डोळ्यात घड आहे की नाही हे खरड छाटणीनंतरच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांत ठरते. त्या काळातला प्रकाश, पाणी आणि नत्र यांवर ते अवलंबून असते. सायनामाइड फक्त दार उघडते. आत घड नसेल तर ते तो घालू शकत नाही. चुकीच्या मात्रेने असलेला घड जाळू मात्र शकते.

छाटणीच्या तारखांनी प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. सटाणा, देवळा, कळवण भागात अगाप द्राक्षासाठी पावसाळ्यातच छाटणी होते. तेव्हा काडी पूर्ण पिकलेली नसते, हवेत दमटपणा असतो आणि लावल्यानंतर लगेच पाऊस आला तर द्रावण धुऊन जाते. धुतले म्हणून पुन्हा लावले तर कोवळा डोळा जळण्याचा धोका. याच्या उलट निफाडसारख्या भागात उशिरा, डिसेंबरच्या आसपास छाटलेल्या बागेवर थंडीची लाट येते. तिथे डोळा आतून तयार असूनही बाहेरचे तापमान त्याला अडवते. ही तिसऱ्या प्रकारची सुप्तावस्था, आणि तिच्यावर मात्रा वाढवणे हा उपाय नाही, कारण अडचण रसायनाने सुटणारी नसते. त्याच बाटलीतले द्रव्य, लावायची पद्धतही तीच, पण सटाण्यात आणि निफाडमध्ये डोळ्यासमोरचे काम वेगळे आहे. शिफारशींमध्ये हा फरक आणखी स्पष्टपणे यायला हवा.

हात, अवशेष आणि कायदे

कॅल्शियम सायनामाइडच्या कारखान्यातल्या कामगारांना दारू सोसत नाही, चेहरा लाल होतो, धडधड वाढते, हे विसाव्या शतकाच्या आरंभीच लक्षात आले होते. शरीरात दारूपासून तयार होणारे ॲसिटाल्डिहाइड मोडणारा विकर सायनामाइड अडवते, हे त्याचे कारण. याच गुणामुळे दारू सोडवण्यासाठी औषध म्हणूनही त्याचा वापर झाला. बागेत याचा अर्थ सरळ आहे: पेस्टिंगच्या आधी आणि नंतर काही दिवस दारूचा थेंबही घ्यायचा नाही. याशिवाय ते त्वचा आणि डोळे भाजते, काहींना त्याची ॲलर्जी होते. थायरॉइडवर परिणाम, कर्करोग आणि प्रजननक्षमतेला धोका यांबाबत संशयित द्रव्य अशी त्याची युरोपात अधिकृत वर्गवारी आहे. इटलीत 2001 मध्ये आणि पुढच्या काही वर्षांत बागेत काम करणाऱ्यांना झालेल्या विषबाधांची नोंद अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकातही आली.

2008 मध्ये युरोपीय संघाने मान्यता नाकारली तेव्हा द्रव्य हाताळणाऱ्याच्या शरीरात सुरक्षित पातळीपेक्षा जास्त अंश जाऊ शकतो, ही प्रमुख चिंता होती. न्यूझीलंडमध्ये किवीच्या बागांसाठी हेच रसायन लागते. तिथल्या पर्यावरण संरक्षण यंत्रणेने ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा विचार 2021 मध्ये पुढे आणला. माणसांना, पक्ष्यांना आणि मातीला असलेला धोका एका बाजूला आणि पर्याय नसलेला मोठा उद्योग दुसऱ्या बाजूला, अशी ती चर्चा होती. शेवटी बंदी न घालता जास्त कडक अटी घालून वापर चालू ठेवण्यात आला. दोन्ही निर्णयांमागे युक्तिवाद आहे. युरोपने धोका मोजून तो स्वीकारार्ह नाही असे ठरवले, न्यूझीलंडने तो आटोक्यात ठेवता येईल असे मानले.

यातून आपल्या बागेसाठी दोन वेगळे प्रश्न निघतात, आणि त्यांची गल्लत होते. पहिला अवशेषांचा. पेस्टिंग ते तोडणी यांत चार महिन्यांच्या आसपास अंतर असते आणि ते लागते तेव्हा घड बाहेर आलेलाही नसतो. त्यामुळे शिफारशीनुसार वापरल्यास फळात अवशेष सापडण्याची शक्यता फार कमी. तरी युरोपात त्याची मर्यादा किलोला 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे मोजणीच्या तळाशी आहे, हे विसरता येत नाही. 2010 मध्ये ज्या क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अवशेषांमुळे आपल्या निर्यातीला फटका बसला, ते संजीवकही फळ येण्याच्या कितीतरी आधी वापरलेले होते.

दुसरा प्रश्न माणसांचा, आणि मला तो अधिक गंभीर वाटतो. इतर देशांत हे द्रव्य बहुतांशी यंत्राने फवारले जाते. त्यांच्या धोक्याच्या मोजणीत फवारणी करणारा आणि शेजारी राहणारा ही माणसे धरलेली असतात. आपल्याकडे ते हाताने, डोळ्याडोळ्याला लावले जाते. हवेत उडणारा अंश त्यामुळे कमी होतो, पण बोटांचा संपर्क दिवसभर राहतो. हे काम मोठ्या प्रमाणावर स्त्रिया करतात, मजुरीने आणि टोळीने, एका बागेतून दुसऱ्या बागेत जात. हंगामभर त्यांच्या हातांतून किती द्रव्य शरीरात जाते, याचा हिशेब परदेशी आकड्यांवरून लावता येणार नाही. रबरी हातमोजे, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा या साध्या गोष्टी लेबलवर लिहिलेल्या असतात, बागेत त्या दिसतातच असे नाही.

साठवणुकीचीही एक बाब आहे. हे द्रव्य उष्णतेत अस्थिर होते आणि हळूहळू दुसऱ्या संयुगात बदलत जाते. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर ठेवलेल्या डब्याचा परिणाम कमी का मिळाला, हे कोडे त्यातून सुटते.

पर्यायांची स्थिती

पर्यायांचा शोध जुना आहे. ओकायामा विद्यापीठातल्या कुबोता यांनी 1992 मध्ये लसणाच्या वाटणाने द्राक्षाचे डोळे फुटतात असे दाखवले. लसणातली गंधकयुक्त संयुगे हे काम करतात आणि छाटलेल्या टोकाला लावल्यास परिणाम चांगला मिळतो. माणसाला सुरक्षित असा हा उपाय, पण संयुगांचे प्रमाण लसणाच्या गड्डीगणिक बदलते आणि एकसारखी फूट हीच तर आपली गरज आहे. पोटॅशियम नायट्रेट, कॅल्शियम नायट्रेटसोबत वापरायची एर्गरसारखी नत्रयुक्त मिश्रणे आणि खनिज तेले यांचा वापर इटलीसारख्या देशांत वाढला. परिणाम मिळतो, मात्र थंडी बऱ्यापैकी मिळालेल्या डोळ्यांवर. थंडी अजिबात न मिळालेल्या डोळ्यावर त्यांचा जोर कमी पडतो, आणि महाराष्ट्राची अडचण नेमकी तीच आहे. कॅल्शियम सायनामाइडकडे परतणे हाही एक मार्ग सांगितला जातो, पण त्यात कार्य करणारे द्रव्य तेच असल्याने धोक्याचे स्वरूपही तेच राहते.

रसायनाविना करायच्या गोष्टी तुलनेने दुर्लक्षित आहेत. वेळेवर पानगळ, छाटणीपूर्वी पाण्याचा मोजका ताण, काडी वाकवणे, आखूड छाटणी आणि मुख्य म्हणजे काडी नीट पिकवणे, यांतले काहीच एकटे सायनामाइडची जागा घेणार नाही. पण यांनी मात्रा खाली आणता येईल अशी शक्यता दाट आहे. कमी थंडीत फुटणाऱ्या वाणांची पैदास हा लांबचा पण टिकाऊ मार्ग, आणि डॉगरिजसारख्या खुंटांचा फुटीवर काय परिणाम होतो हाही त्यातलाच एक धागा.

बाकी राहिलेले

पेशीतली साखळी कुठून सुरू होते, हा मूलभूत प्रश्न. आपल्या उष्ण हवामानात ऑक्टोबरचा डोळा नेमक्या कोणत्या अवस्थेत असतो, हा आपला प्रश्न. वर्षानुवर्षे दरसाल या धक्क्याने वेलीच्या साठ्यावर आणि आयुष्यावर काय परिणाम होतो, हा कमी विचारला गेलेला प्रश्न. आणि हाताने पेस्टिंग करणाऱ्यांच्या आरोग्याची दीर्घकालीन पाहणी, ही सर्वांत मोठी उणीव. हवामान बदलाने यांत भर पडते आहे. अवेळी पाऊस आणि लांबलेला पावसाळा यांमुळे छाटणीच्या तारखा सरकत आहेत आणि जुन्या शिफारशी ज्या हवामानात ठरल्या ते हवामान आता तसे राहिलेले नाही.

उद्या सायनामाइड बंद झाले तर त्याची जागा घेणारे एक द्रव्य आज तयार नाही. ते बंद होणारच नाही असे धरून चालणेही शहाणपणाचे नाही. म्हणून बागायतदारांना एक विनंती. या हंगामात बागेतली एक ओळ पेस्टिंग न करता सोडा, एका ओळीला शिफारशीतली सर्वांत कमी मात्रा द्या, आणि पंधराव्या दिवशी तिन्ही प्रकारच्या वेलींवरचे फुटलेले डोळे मोजून वहीत लिहा. गावोगावच्या अशा वह्या संघाकडे आणि मांजरीच्या केंद्राकडे पोहोचल्या तर आपल्या हवामानाचा जो पुरावा आज हाती नाही तो दोन-तीन हंगामांत उभा राहील. आणि त्याची वाट न पाहता, पेस्टिंगला येणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातात द्रावणाच्या डब्याआधी रबरी हातमोजे द्या.